सीहो गुरुजींचे तोंड

नवरीच्या मनगटावरच्या पांढऱ्या दोऱ्यावर लाल ठिपका उमटला, तो सगळ्यात आधी मी पाहिला. मी तिच्या मागेच बसले होते. सीहो गुरुजींनी मंत्र पुटपुटत दोऱ्यावर फुंकर घातली, गाठ मारली, आणि फुंकरीबरोबर त्यांच्या हिरड्यांतले रक्त दोऱ्यावर आले. नवरीने झटकन हात मागे घेतला.

"विड्याची पिंक असेल गं," मी सारवासारव केली.

"गुरुजींनी विडा सोडून चार वर्षं झाली, मुआन," नवरीची आई दातओठ खात म्हणाली. "माझ्या पोरीचे जीव बोलवायला बसवलं, आणि दोऱ्यावर रक्त?"

गुरुजींनी तो दोरा सोडला, दुसरा घेतला, तोंड बाजूला वळवून पंच्याने पुसले आणि पुन्हा गाठ मारली. या वेळी फुंकर घातली नाही. लग्न पार पडले, लोक चिकट भात आणि कोंबडी जेवून घरी गेले, पण जेवताना बोलणे दुसरे कशाचेच नव्हते.

आमच्या बान नोंगखा गावात चाळीस वर्षे हे काम सीहो गुरुजींचेच होते. माणसाच्या अंगात बत्तीस जीव राहतात. आजारपणात, भीतीत, लांबच्या प्रवासात त्यातला एखादा वाट चुकून बाहेर राहतो. त्याला हाका मारून परत बोलवायचे आणि मनगटाला दोरा बांधून आत ठेवायचे. लग्न, बारसे, पोराची लष्करातली भरती, काहीही असो, केळीच्या पानांचा मनोरा उभा राहायचा आणि त्यापुढे गुरुजी बसायचे. आवाज असा, की जीवच काय, शेजारच्या गावची कुत्रीसुद्धा येऊन बसायची. पण गेल्या पाच-सहा वर्षांत तो आवाज फसफसायला लागला होता. दात हलत होते. हिरड्यांतून पू यायचा. जवळ बसले की वास यायचा, आणि आम्ही सगळे तो न आल्यासारखे करायचो.

यातली खरी गंमत, गंमत कसली, दुःखच म्हणायचे, ती ही की गुरुजींची एकुलती मुलगी फैवान आमच्याच आरोग्य केंद्रात दातांची नर्स. सव्वीस वर्षे नोकरी. पंचक्रोशीतले एकही तोंड तिच्या हातून सुटलेले नव्हते. घरातले तेवढे सुटले होते.

डोके हे माणसाचे सगळ्यात वरचे अंग. वडीलधाऱ्याच्या डोक्याला हात लावायचा तर फैवानसुद्धा आधी हात जोडून क्षमा मागते, मग खुर्ची मागे करते. पण गुरुजींच्या डोक्यावर त्यांचे गुरू बसलेले. तरुणपणी त्यांनी आपल्या गुरूच्या हातून फुलांच्या पाच जोड्या आणि मेणबत्त्यांच्या पाच जोड्यांचे ताट घेतले, ते घरात उंच फळीवर ठेवले, आणि त्या दिवसापासून बाईचा हात डोक्याला वर्ज्य झाला. त्यांच्या बायकोने पस्तीस वर्षांच्या संसारात एकदाही त्यांचे केस कापले नाहीत. तिथे मुलीने उशाशी बसून त्यांचे डोके धरून तोंडात हत्यारे घालायची, हे कसे व्हायचे?

मी कोण, तर मुआन. गावात माझे दुकान आहे आणि मी आरोग्य खात्याची स्वयंसेविकाही आहे. सकाळी लोकांचे रक्तदाब मोजायचे आणि संध्याकाळी त्यांनाच खारे पाडेक, म्हणजे मिठात आंबवलेले मासे, विकायचे, असा माझा कारभार. माझ्या मोटरसायकलला बाजूला गाडा जोडलेला आहे, त्यामुळे गावातला कोणीही आजारी पडला की मलाच बोलावणे येते.

लग्नानंतर आठवड्याने गुरुजींचे पाय सुजले. फैवान आणि मी त्यांना तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि कागद समोर ठेवून सांगितले, "आजोबा, किडनी चोवीस टक्के उरली आहे."

"बाकीची कुठे गेली?" गुरुजींनी विचारले. त्यांना वाटले, तीही बोलावून आणता येईल.

डॉक्टर हसले नाहीत. "ती परत येत नाही. उरली तेवढी सांभाळायची. दुखण्यावर काही गोळ्या घेता का?"

गुरुजींनी छताकडे पाहिले. मी माझ्या चपलांकडे पाहिले.

डॉक्टरांनी मग तोंड उघडायला लावले आणि आतल्या आत श्वास रोखला. "हा पू रोज रक्तात जातोय. अंगात सतत जळजळ धुमसत ठेवतो. थकलेल्या किडनीला ती सोसत नाही. हिरड्या बऱ्या केल्या तर किडनीला थोडा आधार मिळेल, कदाचित. कदाचित म्हणतोय, हं. वचन देत नाहीये." मग फैवानच्या गणवेशाकडे पाहून म्हणाले, "तुम्हीच करता ना हे काम?"

फैवानने मान खाली घातली. मला तिची फार कीव आली.

परतताना गुरुजी गाड्यात बसले, फैवान माझ्या मागे. वाऱ्यात ओरडून बोलणे चालले होते.

"बाबा, ऐकलंत ना?"

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे."

"मग?"

"मग काय? तू गुरूंच्या वर बसणार? माझ्या उशाशी?"

"बरं, मी नको. शहरात पुरुष डॉक्टर आहेत. तिथे चला."

शहरात जायला सात आठवडे नंबर लागला नाही. लागला तेव्हा समोर एक कोवळा डॉक्टर, नव्यानेच नेमणूक झालेला. त्याने आरसा आत घातला, बाहेर काढला आणि म्हणाला, "आजोबा, सगळेच काढू. एकवीस दात आहेत, चार खेपा पुरतील. मग मस्त कवळी बसवू. हिरड्यांचे उपचार करत बसायचे तर आठ महिन्यांनी या."

गुरुजी उठले. गळ्यातला कागदी रुमाल तसाच, हिरवा, लोंबता. बसमध्ये लोक बघत होते. मी तो काढायला गेले तर हात झटकला.

"कवळी घालून हाका मारल्या," ते म्हणाले, "तर जीव ओळखतील का गं मला?"

मला हसू आले आणि मग हसल्याची लाज वाटली.

आता माझे पाप सांगते. माझ्या दुकानात काचेची बरणी होती, तिच्यात छोट्या प्लास्टिकच्या पुड्या. दोन पांढऱ्या गोळ्या, एक पिवळी, एक गुलाबी. कंबर धरली, पुडी घ्या. दात ठणकला, पुडी घ्या. भातलावणीच्या दिवसांत माझा नवराही तीच पुडी घेऊन चिखलात उतरायचा. कोणाचे वाईट करावे असे माझ्या मनात कधी आले नाही. शहरवारीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी आले, नेहमीसारखे गालावर हात धरून, आणि म्हणाले, "दे."

मी पुडी काढली, आणि त्यांच्या मागे फैवान उभी.

"मावशी, हे काय?"

तिने माझ्या हातातून पुडी घेतली, उजेडात धरली. "किती वर्षं?"

"दात दुखायला लागले तेव्हापासून. सहा... सात असतील."

ती तांदळाच्या पोत्यावर बसली. "याच गोळ्या किडनी जाळतात, मावशी. तुम्हाला शिबिरात शिकवलं होतं ना?"

शिकवले होते. त्या शिबिराचे प्रमाणपत्र बरणीच्या वरच भिंतीवर टांगलेले होते, माझ्या फोटोसह. मी शरमेने मेले.

"तिला कशाला बोलतेस?" गुरुजी म्हणाले. "दुखतं म्हणून मी मागतो."

"मग जे दुखतंय ते मला बघू द्या!" फैवान किंचाळली. दुकानात चार बायका होत्या, त्या वळून बघू लागल्या. आमच्याकडे मुलगी बापावर असा आवाज चढवत नाही. "सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडांत हात घातले मी, बाबा. ज्यांनी आपल्याला कधी पाणी विचारलं नाही त्यांच्यासुद्धा. आणि घरी येते, तुमच्या तोंडाचा वास येतो, आणि मी मुकाट्याने भात वाढते. आई गेली. उद्या तुम्ही गेलात की मी कोणासाठी भात शिजवू? सांगा ना. कोणासाठी?"

गुरुजी पुडी न घेताच निघून गेले. बरणी मी त्याच संध्याकाळी रिकामी केली. त्याने काही भरून निघाले असे नाही.

पुढच्या उपोसथाला, देवळातल्या व्रताच्या दिवशी, सकाळी त्यांनी मला घरी बोलावले. अंगावर पांढरे कपडे, खांद्यावर पंचा. मला वाटले कोणाकडे तरी जीव बोलवायला निघालेत.

"मुआन, साक्षीला बस," ते म्हणाले.

त्यांनी फळीवरचे ताट दोन्ही हातांनी खाली घेतले. चटईवर ठेवले, तीनदा माथा टेकला, आणि गुरूंशी बोलू लागले, घरातल्या माणसाशी बोलावे तसे. मी चाळीस वर्षे तुमचे शब्द वाहिले. आता भार उतरवतो. रागावू नका. शेवटी डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "आजपासून हे साध्या म्हाताऱ्याचं डोकं."

"गुरुजी, बरं वाटल्यावर परत चढवता येईल ना?"

"ज्याच्या हातून घेतलं तो असता तर आलं असतं. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली."

"मग नका ना उतरवू! पोरगी बोलली रागात, तिच्या मनात हे नव्हतं."

"ठाऊक आहे मला." त्यांनी मेणबत्त्या कागदात गुंडाळल्या, देवळात द्यायला. "जीव बोलावणारा दुसरा मिळेल गावाला. तिला बाप कुठून मिळणार?"

दुपारी फैवान घरी आली. तिने आधी मोकळी फळी पाहिली, मग बापाला पाहिले. खांद्यावरची पिशवी तशीच खाली गळाली.

"बाबा, मी असं नव्हतं मागितलं."

"बरं," गुरुजी म्हणाले. "आता कुठे बसायचं ते सांग."

चार खेपा लागल्या, दर गुरुवारी एक. तोंडातले पाणी ओढायची नळी धरायला मी. पहिल्या दिवशी फैवान बापाच्या उशाशी बसली. सव्वीस वर्षांच्या अनुभवाची बाई, पण बापाच्या कपाळाला बोटे लागली तशी शाळकरी पोरीसारखी घाबरली. तिने हात जोडून क्षमा मागितली. गुरुजींनी डोळे मिटून हुंकार दिला. मग सुई, मग खरवडणे. किटलीच्या बुडाला बसतो तसा काळा थर दातांच्या मुळापर्यंत गेलेला होता. तो निघे तसे रक्त येई, पू येई, आणि फैवान खाली वाकून न थांबता काम करी. तिचे डोळे भरून वाहत होते, पण दोन्ही हात गुंतलेले, पुसणार कसे? मीच माझ्या बाहीने पुसले.

आमच्याकडे लोकांना वाटते की तो थरच दात धरून ठेवतो. दुसऱ्या खेपेनंतर गुरुजींचे दात खरेच जास्त हलू लागले, तेव्हा ते माझ्या दुकानात येऊन बसले.

"पोरीने पाया खणला माझा," ते म्हणाले. "भिंत पडणार आता."

"थोडं थांबा, गुरुजी. सूज उतरली की हिरडी आवळते."

"तुला कोणी सांगितलं?"

"शिबिरात शिकवलं."

"त्या शिबिरात बरंच शिकलीस तू," ते म्हणाले.

पण तसेच झाले. महिना-दीड महिन्यात हिरड्या आवळल्या. रक्त थांबले. वास गेला. मठातल्या नव्या भिक्षूच्या आज्ञाधारकपणाने गुरुजी सकाळ-संध्याकाळ दात घासत, दातांच्या फटींतून बारीक ब्रश फिरवत, आणि मग फैवानपुढे तोंड उघडून बसत. पाडेक बंद, पुड्या बंद. पायांची सूज उतरली. काकडी कराकर चावून खाल्ली त्या दिवशी फैवानने शेजारी-पाजारी सांगत सुटायचे तेवढे बाकी ठेवले.

किडनीचा आकडा चोवीसवरून सत्तावीस झाला. मग सव्वीस, मग पुन्हा सव्वीस. चौदा महिने तो तिथेच राहिला. मी डॉक्टरांना गाठून विचारले, "हे हिरड्यांमुळे, की पुड्या सोडल्या म्हणून?" मला काय ऐकायचे होते, तेही मला धड कळत नव्हते.

"दोन्ही असेल," डॉक्टर म्हणाले. "यातलं किती कशामुळे, ते मला मोजून नाही सांगता येणार."

आणि तोंडाचे म्हणाल तर गुरुजी असे स्वच्छ बोलू लागले, की सात-आठ वर्षांत ऐकले नव्हते. सगळी अक्षरे परत आली होती. पण तो आवाज आता 'भात वाढ' आणि 'कोंबड्या हाकल' एवढ्यासाठीच उरला होता.

दोऱ्यावर रक्त पाहून चिडलेली ती नवरीची आईच एकदा त्यांच्या दारात आली. नातू झाला होता. "गुरुजी, झालं गेलं विसरा. आता तोंड बरं झालंय म्हणतात. बाळाचे जीव तुम्हीच बोलवा."

"ताट उतरलंय, बाई. ते शब्द आता माझे नाहीत."

"कोण बघतंय हो?"

गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. ती आपणच ओशाळली आणि उठून गेली. बारशाला पलीकडच्या गावचे विचियान मास्तर आले. शाळेतले शिक्षक, सज्जन माणूस, झेरॉक्स केलेल्या पानांवरून माइकवर वाचतो. गुरुजी सगळ्यांत मागे, चपलांजवळ बसले. वाचून झाल्यावर बाळाला दोरा बांधायला सगळ्या म्हाताऱ्यांबरोबर रांगेत उभे राहिले. त्यांच्यासाठी कोणी पुढे जागा केली नाही. कोणाच्या मनात वाईट नव्हते, लक्षातच आले नाही.

फैवानच्या आले होते. घरी जाताना ती मला म्हणाली, "मावशी, त्यांना जगवायचं म्हणून मी काय केलं हे?"

"अगं, चौदा महिने मिळाले."

"मला मिळाले," ती म्हणाली.

पुढच्या भातलावणीत गुरुजी मासे धरायला अनवाणी खाचरात उतरले आणि चिखलातल्या तापाने पडले. ताप पाच दिवसांत गेला, पण जाताना उरलीसुरली किडनी घेऊन गेला. आकडा आठ. पोटात नळी घालून रोज चार वेळा पाणी बदलायचा मार्ग डॉक्टरांनी सांगितला, आणि हेही सांगितले की हृदय थकलेले आहे, त्याने फार दिवस मिळणार नाहीत. गुरुजी म्हणाले, "पुरे." फैवान दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी तिने भांडणे सोडले आणि त्यांच्यासाठी पातळ भात शिजवला.

तेव्हा गावाने ठरवले की गुरुजींचे जीव बोलवायचे. चाळीस वर्षे त्यांनी आमचे बोलावले, आता त्यांचे कोण बोलावणार? रविवारी सकाळी त्यांच्या घरात सगळे गाव मावेना. बायकांनी केळीच्या पानांचा मनोरा केला, कडेने उकडलेली अंडी, भात, केळी. गुरुजींना उशांना टेकवून बसवले. चेहरा सुजलेला, रंग मातकट, पण तोंड स्वच्छ. पहाटेच फैवानने दात घासून दिले होते.

विचियान मास्तर खूप घाबरलेले होते. त्यांनी आधी गुरुजींच्या पाया पडून परवानगी मागितली, माइक बाजूला ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. शेतात राहिलेल्या जिवांना हाक मारली. रानात गेलेल्यांना मारली. बाजाराच्या वाटेवर रमलेल्यांना मारली. मग पान उलटले आणि थांबले. पुढचे पान नव्हते. त्यांनी मागे चाळले, पुढे चाळले, खाली वाकून चटईखाली पाहिले. कपाळावरून घाम गळू लागला. पाण्याकडे गेलेल्या जिवांची हाक त्या पानावर होती. एवढे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते, पण शब्द कोणालाच येत नव्हते. ते शब्द त्या घरात एकाच माणसाला येत होते.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"बाबा," फैवान त्यांच्या कानाशी वाकली. "तेवढी ओळ सांगा. एकच. मास्तर म्हणतील, तुम्ही फक्त सांगा."

गुरुजींनी मान हलवली. नाही.

"तुमच्यासाठीच आहे ना हे! तुमचेच जीव आहेत!"

"म्हणूनच," ते म्हणाले. मग मास्तरांना, त्या स्वच्छ, सगळ्या अक्षरांच्या आवाजात, "मास्तर, पुढचं घ्या. छान चाललंय."

मास्तरांनी पुढचे घेतले. पाण्याकडे गेलेले जीव राहिले ते राहिलेच. आम्ही सगळ्यांनी एकेक करून त्यांच्या मनगटाला दोरे बांधले, इतके की हात कोपरापर्यंत पांढरा झाला. त्यांनी प्रत्येकाला हसून दाखवले. लोक खाली जेवायला गेले. फैवान मागच्या रांजणाजवळ जाऊन बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

गुरुजींसाठी घोटभर पाणी घेऊन मी वर गेले आणि दारातच थांबले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. ओठ हलत होते, भराभर, जीव बोलावण्याच्या तालात, आवाज मात्र अजिबात नाही. मधेच एकदा बारीकसा सूर निघाला, जेमतेम एका अक्षराचा. गुरुजी दचकले, आणि दोऱ्यांनी भरलेला हात उचलून त्यांनी आपले तोंड झाकले.